हिवाळ्यात गळ टाकताना

गोव्यात व दक्षिण कोकणात गळाला ‘गरी’ म्हणतात आणि गरीने मासे धरण्यास ‘गरवणे’. आमच्या वाचकांपैकी कित्येकांनी खाडीच्या काठी बसून हा उद्योग केला असेल. परंतु तोच इंग्लंडात, हिवाळ्यात, करावयाचा झाल्यास श्रीगणेशापासून आरंभ करावा लागतो, हे आम्हांस तेथील एका हिवाळ्याच्या वास्तव्यात कळून आले.

इंग्लंडात गोड्या पाण्यातील माशांचे दोन वर्ग मानतात. सॅमन व ट्राउट हे ‘गेम’, म्हणजे शिकारीचे, खानदानी मासे. रोच, पर्च, ब्रीम, चब, पाइक इत्यादी उरलेले सारे ‘कोर्स’, म्हणजे भरड! खानदानी माशांचे ओढे बहुधा जमीनदारांच्या मालकीचे. भरड मासे कामगारांच्या वाट्यास आले. कारखान्यांतील मजूर रविवारी काठी घेऊन नदीवर जात. शेफिल्डचे लोकप्रतिनिधी ए. जे. मुंडेला यांच्या पुढाकाराने १८७८ साली या माशांना विणीच्या काळात संरक्षण देणारा कायदा झाला. नद्यांवर १५ मार्च ते १५ जूनपर्यंत गळ टाकण्यास आजही मनाई आहे. भरड मासे खाण्याची तेथे फारशी चाल नाही. धरलेला मासा पुन्हा पाण्यात सोडतात. १३ वर्षांवरील प्रत्येकास सरकारी परवाना लागतो. १६ वर्षांपर्यंतच्या मुलांना तो २०१७ पासून विनामूल्य मिळतो.

लेस्टरच्या दक्षिणेस फॉक्स्टन नावाचे गाव आहे. तेथे कालव्यावर दहा जलद्वारांचा जिना आहे. तो १८१४ साली पुरा झाला आणि त्यातून नावा अजूनही टेकडी चढतात. या कालव्याच्या काठी जानेवारीतील एका रविवारी आम्ही बसलो. बरोबर शेजारचे एक वृद्ध गृहस्थ होते. त्यांनी आपली पेटी उघडली, आम्ही आमची. आमचा गळ पाहून ते हसले. तेथे गळाचे क्रमांक उलटे चालतात. आकडा वाढेल तसा गळ लहान. आमचा बारा नंबरचा होता, त्यांचा वीसचा, म्हणजे तांदळाच्या दाण्याहूनही लहान. दोरा केसासारखा बारीक. दोऱ्यावर फ्लोट, म्हणजे बारीक तरंगती काडी, आणि तिच्याखाली वजनाचे मणी. हे मणी पूर्वी शिशाचे असत. ते गिळून राजहंस मरू लागले, म्हणून १९८७ साली लहान शिशाच्या मण्यांवर बंदी आली.

आम्ही पहिल्याच क्षणी मोठी चूक केली. माशांना जमवण्यासाठी पाण्यात माशीच्या अळ्या टाकतात. आम्ही ओंजळभर टाकल्या. पंगतीत आग्रह करण्याची आमची सवय! वृद्ध गृहस्थ काही बोलले नाहीत. त्यांनी स्वतः मोजून सहा टाकल्या. दुपारपर्यंत त्यांना नऊ मासे मिळाले, आम्हांस एकही नाही.

याचे कारण शाळेच्या पुस्तकात आहे. मासा शीतरक्ताचा प्राणी. त्याच्या देहाचे तापमान पाण्याबरोबर उतरते. तापमान दहा अंशांनी घटले की त्याच्या शरीरातील व्यापार सुमारे निम्म्यावर, कधी त्याहूनही खाली येतात. भूक मंदावते, पचन रेंगाळते. त्या दिवशी पाणी चार अंशांवर होते. अशा वेळी चार घास मिळाले की मासा तृप्त होतो; मग आमच्या गळाकडे तो कशास पाहील? कार्प व टेंच हे मासे तर थंडीत जवळजवळ निजूनच असतात. रोच आणि पर्च तेवढे थोडे थोडे खातात.

चार अंश हा आकडाही लक्षात ठेवण्यासारखा आहे. पाणी चार अंशांवर सर्वांत जड असते. म्हणून साचलेल्या खोल पाण्यात वर बर्फ धरला तरी तळाशी चार अंशांचे पाणी टिकते आणि मासे तेथे वाचतात. हिवाळ्यात वनस्पती कुजून आडोसा नाहीसा होतो, पाणी नितळ होते, आणि मासे विखुरलेले न राहता एखाद्या पुलाखाली वा बांधलेल्या नावेलगत दाटीने राहतात. तेव्हा प्रथम जागा शोधावयाची. गळाला जड मणी लावून खोली मोजावयाची, आणि आमिष तळाला जेमतेम टेकेल असा फ्लोट बसवावयाचा. सलग चार दिवस सारखी थंडी पडली तर मासे तिला सरावतात; एका रात्रीत पारा उतरला, किंवा वितळलेल्या बर्फाचे पाणी कालव्यात आले, तर घरी बसावे.

दुसऱ्या रविवारी आम्ही वीस नंबरचा गळ लावला. पण नजर उन्हाळ्याचीच होती. फ्लोट बुडेल तेव्हा काठी उचलू, असे मनात धरून बसलो. थंडीतला मासा फ्लोट बुडवीत नाही. काडीचे टोक केसभर हलते, किंचित वर येते, किंवा वाऱ्याने थरथरत असता एकाएकी स्तब्ध होते. एवढाच निरोप. आमच्या तो ध्यानात येईपर्यंत रोचने गळ पोटापर्यंत गिळला होता. अशा वेळी दोरा तोंडाशी कापून मासा सोडावा, हे आम्हांस ठाऊक नव्हते. आम्ही ओढाओढ केली, तीही कोरड्या हातांनी. माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर हे त्याचे रोगापासूनचे कवच; ते आमच्या बोटांना चिकटून आले. कल्ल्यांतून रक्त आले. पाण्यात सोडल्यावर तो आडवा झाला आणि तसाच वाहत गेला. वृद्ध गृहस्थ उठले, त्यांनी आमच्या गळाचा काटा चिमट्याने दाबून सपाट केला, म्हणजे तो सहज निघावा, आणि ‘हात आधी पाण्यात घाला’ एवढेच म्हणाले.

त्यानंतरचे दोन रविवार आम्ही मासा धरण्यापेक्षा काडीचे टोक पाहण्यातच घालविले. डोळ्यांना पाणी येई. काठीच्या कड्यांत बर्फ जमून दोरा अडे. तो फुंकरीने वितळवावा लागे. फेब्रुवारीतील एका ढगाळ दुपारी, दिवस मावळण्यापूर्वी अर्धा तास, टोक थरथरता थरथरता थांबले. आम्ही मनगट तेवढे उचलले. वीतभर लांबीचा रोच आला. रुपेरी अंग, तांबडे पर, तांबडे डोळे. गळ ओठाच्या कडेला होता. हात ओले केले, गळ काढला, मासा दोन्ही हातांत धरून पाण्याखाली नेला. क्षणभर तो तेथेच राहिला, मग शेपूट मारून गेला.

घरी मंडळींनी ‘मासा कुठे?’ म्हणून विचारले. तो कालव्यात आहे, असे आम्ही सांगितले.