निखाऱ्यांचा धबधबा

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर कॅलिफोर्निया हे राज्य आहे. त्याच्या पूर्व भागात सिएरा नेवाडा नावाची उत्तुंग पर्वतराजी पसरली आहे. याच पर्वतांच्या कुशीत योसेमिटी हे जगप्रसिद्ध राष्ट्रीय उद्यान वसले आहे. उद्यान म्हटले की फुलांचे ताटवे आणि कारंजी आपल्या डोळ्यांपुढे येतात. परंतु हे उद्यान कोणी लावलेले नाही. डोंगर, दऱ्या, अरण्ये आणि त्यांतील पशुपक्षी जसे आहेत तसेच राहावेत, म्हणून कायद्याने राखून ठेवलेला हा प्रदेश आहे. १ ऑक्टोबर १८९० रोजी त्याला राष्ट्रीय उद्यान म्हणून मान्यता मिळाली.

या उद्यानात सुमारे ११ किलोमीटर लांबीची एक खोल दरी आहे. तिच्या दक्षिणेकडील कड्यावर 'ग्लेशियर पॉइंट', म्हणजे हिमनदीचे टोक, हे ठिकाण आहे. समुद्रसपाटीपासून त्याची उंची २,१९९ मीटर आहे. हिवाळ्यात तेथील रस्ता बर्फाखाली गाडला जातो. उन्हाळा जवळ आला म्हणजे तो पुन्हा मोकळा होतो. घनदाट सूचिपर्णी अरण्यातून वळणे घेत प्रवासी या टोकावर येतो, कठड्याशी उभा राहतो, आणि क्षणभर त्याचा श्वास रोखला जातो. कारण पायांखालची भूमी तेथे एकाएकी संपते. दरीचा तळ तेथून सुमारे ९७५ मीटर खाली आहे. त्या तळातून वाहणारी मर्सेड नदी एखाद्या चंदेरी फितीसारखी दिसते आणि उंच उंच वृक्ष गवताच्या काड्यांएवढे भासतात.

दृष्टी वर करावी, तो समोर 'हाफ डोम', म्हणजे अर्धा घुमट, उभा असतो. एका बाजूने गोल आणि दुसऱ्या बाजूने सरळ कापलेला असा हा प्रचंड खडक पाहून, याचा दुसरा अर्धा भाग कोठे गेला, असे मनात आल्याशिवाय राहत नाही. उजवीकडे व्हर्नल आणि नेवाडा हे दोन धबधबे एकाखाली एक कोसळत असतात. दरीच्या पलीकडे योसेमिटीचा धबधबा तीन टप्प्यांनी ७३९ मीटर खाली उतरतो.

हे सारे शिल्प कोणी घडविले? सुमारे दहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या पोटात तप्त शिलारस हळूहळू थंड झाला आणि त्याचा कठीण ग्रॅनाइट बनला. पुढे हा प्रदेश वर उचलला गेला. नद्यांनी दऱ्या कोरल्या. मग हिमयुगात बर्फाच्या नद्या त्या दऱ्यांतून सरकू लागल्या आणि त्यांनी दऱ्या अधिक खोल व रुंद केल्या. खडकाला उभ्या भेगा होत्या, तेथे तो सरळ तुटला. कांद्याचे पापुद्रे सुटावेत तसे जेथे थर सुटत गेले, तेथे त्याला गोलाई आली.

या दरीत फार पूर्वीपासून अहवानीची लोक राहत होते. १८५१ साली एका सशस्त्र तुकडीने दरीत शिरून त्यांना तेथून हुसकावून लावले. त्यानंतर थोड्याच वर्षांत प्रवाशांची रीघ लागली. प्रवासी आले, त्यांच्यामागून हॉटेले आली, आणि निसर्गाच्या शोभेत आपणही काही भर घालावी, असे माणसाला वाटू लागले.

१८७२ सालच्या सुमारास ग्लेशियर पॉइंटवर एक नवाच खेळ सुरू झाला. टोकावर झाडांच्या सालींची मोठी होळी पेटवीत आणि तिचे धगधगते निखारे कड्यावरून खाली लोटून देत. पुढे हा दरीतील हॉटेलवाल्यांचा उन्हाळ्यातील नेहमीचा कार्यक्रम झाला. रात्री ९ वाजले की दरीतून वर हाक जाई, कड्यावरून उत्तर येई, आणि काळोखातून लालभडक निखाऱ्यांची धार संथपणे खाली उतरू लागे. खाली जमलेले आबालवृद्ध भान हरपून पाहत राहत. कित्येकांनी आपल्या मुलांना आणि नातवंडांनाही हा 'अग्निप्रपात' दाखविला.

याच टोकावर मे १९०३ मध्ये एक निराळी रात्र उगवली होती. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट आणि निसर्गाचे थोर अभ्यासक जॉन म्यूर यांनी तेथे उघड्या आकाशाखाली मुक्काम केला. रात्री हिमवर्षाव झाला आणि सकाळी राष्ट्राध्यक्षांच्या पांघरुणावर बर्फ साचला होता! तरीही त्यांना अतिशय आनंद झाला. योसेमिटीची दरी त्या काळी कॅलिफोर्निया राज्याच्या ताब्यात होती. तिचे नीट रक्षण व्हावे म्हणून ती राष्ट्रीय उद्यानात सामील करावी, असे म्यूर यांचे म्हणणे होते. १९०६ साली तसे झाले.

निखाऱ्यांचा खेळ मात्र चालूच होता. तो पाहण्यासाठी येणाऱ्यांची संख्या एवढी वाढली की, दरीतील कुरणे माणसांच्या पायांखाली तुडविली जाऊ लागली. अखेर जानेवारी १९६८ मध्ये उद्यानाच्या अधिकाऱ्यांनी तो बंद केला. अनेकांना हळहळ वाटली. इतक्या वर्षांची परंपरा का मोडावी, असे त्यांनी विचारले. हा प्रश्न अगदीच गैर नव्हता; कारण त्या दृश्याशी त्यांच्या बालपणीच्या आठवणी निगडित होत्या. परंतु, हा खेळ माणसाने मांडलेला आहे आणि हे उद्यान निसर्गाच्या स्वतःच्या शोभेसाठी राखलेले आहे, असे अधिकाऱ्यांचे मत होते.

आणि निसर्गाने काय कमी दिले होते? दरीच्या पश्चिम भागात 'एल कॅपिटन' नावाचा भव्य कडा आहे. त्याच्या पूर्व अंगावरून 'हॉर्सटेल', म्हणजे घोड्याचे शेपूट, हा लहानसा धबधबा पडतो. फेब्रुवारीच्या उत्तरार्धात, आकाश निरभ्र असले आणि बर्फ वितळून पाणी वाहत असले, तर मावळत्या सूर्याचे किरण नेमके त्या धारेवर पडतात. मग ते पाणी काही मिनिटे जळत्या ज्वालेसारखे झळाळते. तेथे काही पेटत नाही, कोणी हाक देत नाही. मात्र हे दृश्य पाहण्यासाठीही अलीकडे एवढी गर्दी लोटली की, नदीकाठची झुडपे तुडविली गेली आणि काही जागा पाहणाऱ्यांना बंद कराव्या लागल्या.

मुलांनो, जे पाहण्यासाठी आपण एवढ्या दूर जातो, ते आपल्याच पायांखाली चिरडले जाऊ नये, हे प्रत्येक पाहुण्याने जपले पाहिजे. ग्लेशियर पॉइंटवर आता रात्री होळी पेटत नाही. काळोख दाटला की तेथे चांदण्यात न्हालेला हाफ डोम दिसतो, आणि दूरच्या धबधब्यांचा मंद घोष तेवढा ऐकू येतो.