कल्पनांची बैठक आणि शेततळ्याचे पाणी

‘काहीतरी नवीन सुचवा’ असे गुरुजींनी म्हटले की बहुधा वर्ग गप्प बसतो. मुलांना सुचत नाही असे नव्हे. सुचलेली गोष्ट तोंडाबाहेर पडण्याआधीच प्रत्येक जण ती मनातल्या मनात खोडून टाकतो. ‘हे जमणार नाही’, ‘सगळे हसतील’! कल्पना सुचणे आणि तिची पारख करणे ही दोन निराळी कामे आहेत. ती एकदम करू पाहणे म्हणजे पेरणी आणि उफणणी एकाच दिवशी उरकण्यासारखे आहे.

अमेरिकेतील एका जाहिरात कंपनीचे चालक अ‍ॅलेक्स ऑसबर्न यांनी ही दोन कामे वेगळी केली. बैठकीत आधी नुसत्या कल्पना मांडायच्या, कोणी कोणाला नावे ठेवायची नाहीत. जितक्या जास्त तितके चांगले. विक्षिप्त कल्पनाही चालतील. आणि दुसऱ्याच्या कल्पनेला आपली जोड द्यायला मोकळीक. पारख नंतर. 1953 साली त्यांनी ‘अप्लाइड इमॅजिनेशन’ या पुस्तकात ही पद्धत सविस्तर मांडली. तिला ‘ब्रेनस्टॉर्मिंग’ म्हणतात. आपण ‘विचारमंथन’ म्हणू या.

आता आपल्या जिल्ह्यातला एक प्रश्न घेऊ. शेततळ्याच्या तळाला प्लॅस्टिकचा कागद अंथरला की पाणी जमिनीत मुरत नाही. पण उन्हाळ्यात ते वरून उडून जाते. समजा, तळे 30 मीटर लांब व 30 मीटर रुंद आहे आणि पातळी दिवसाला 7 मिलिमीटर उतरते. 900 चौरस मीटरला 0.007 मीटरने गुणा. 6.3 घनमीटर, म्हणजे 6,300 लिटर पाणी एका दिवसात गेले! एप्रिल-मेच्या साठ दिवसांत पावणेचार लाख लिटरांहून अधिक. एवढ्या पाण्यावर एखाद्याची डाळिंबाची झाडे जगली असती. हे कसे थांबवावे?

रिकाम्या डोक्याने मंथन होत नाही. घुसळायला ताक तरी हवे. ते पदार्थविज्ञान पुरवते. पाण्याचा पृष्ठभाग मोठा, पाणी तापलेले, वारा जोराचा आणि हवा कोरडी असेल तर बाष्पीभवन अधिक. या चार कारणांपैकी एकेकाला अडवायचे कसे, असे विचारा. हाच प्रश्न मी आमच्या वर्गात ठेवला तेव्हा मुलांनी भराभर सुचवले: तळे खोल व अरुंद करा, पश्चिमेला झाडे लावा, वर शेडनेट ताणा. एकाने म्हटले, ‘पाण्यावर चेंडू सोडा.’ वर्ग खो-खो हसला.

पण लॉस एंजेलिस शहराने 2015 साली आपल्या एका जलाशयावर 9 कोटी 60 लाख काळे प्लॅस्टिकचे चेंडू खरोखरच सोडले! पाण्यावर ऊन पडून घातक रसायन तयार होऊ नये, हा मुख्य हेतू. बाष्पीभवन घटणे हा जोडलाभ. गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यात 2012 साली नर्मदेच्या कालव्यावर सौर पट्ट्यांचे छप्पर घातले गेले. सावलीही मिळाली आणि वीजही. दोन कल्पनांची सांगड म्हणतात ती अशी.

मात्र एकत्र बसले की अधिक सुचते, हे ऑसबर्न यांचे म्हणणे प्रयोगात टिकले नाही. 1958 साली येल विद्यापीठात चौघाचौघांचे गट केले. दुसरीकडे चार जणांना वेगवेगळे बसवून त्यांच्या कल्पना एकत्र केल्या, सारख्या असलेल्या एकदाच मोजल्या. वेगळे बसलेल्यांच्या कल्पना जास्त भरल्या! 1987 साली जर्मनीतील संशोधकांनी एक मोठे कारण दाखवले: एक बोलत असताना बाकीच्यांना थांबावे लागते आणि थांबता थांबता सुचलेले निसटते. (आमच्या सभांमध्ये हे दर वेळी दिसते, पहिला वक्ता अर्धा तास घेतो.) म्हणून आधी दहा मिनिटे प्रत्येकाने मुकाट्याने चिठ्ठीवर लिहावे, मग चिठ्ठ्या नाव न घेता मोठ्याने वाचाव्यात.

त्यानंतर पारख, आणि ती मोजून. तीन सारख्या परातींत सारखे पाणी घ्या. एक उघडी ठेवा, एकीवर पांढरे कापड ताणा, एकीत टेबल टेनिसचे चेंडू तरंगू द्या. तिन्ही उन्हात ठेवून रोज संध्याकाळी पट्टीने खोली मोजा. शिवाय खर्च पाहा. लॉस एंजेलिसचे चेंडू बनवण्यात जेवढे पाणी खर्ची पडले, ते दुष्काळात वाचलेल्या पाण्याहून जास्त असावे, असे 2018 सालच्या एका अभ्यासात निघाले. हसण्यावारी नेलेली कल्पना खरी ठरते आणि खरी ठरलेली महागही पडू शकते.

कधी कधी उत्तराऐवजी प्रश्नच बदलावा लागतो. नगर तालुक्यातील हिवरे बाजारचे उदाहरण घ्या. इतरत्र ‘आणखी पाणी कोठून आणू?’ असे विचारून लोक बोअर खोल खोल नेतात. या गावाने श्रमदानाने पाणी अडवले, जिरवले. पण तेवढ्यावर न थांबता ‘आहे त्या पाण्यात काय पिकवता येईल?’ असे विचारले. श्री. पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने तेथे पाण्याचा ताळेबंद मांडला जातो. पाऊस मोजायचा, माणसांचे व जनावरांचे पाणी आधी बाजूला काढायचे आणि उरलेल्यावर कोणती पिके घ्यायची हे ग्रामसभेत ठरवायचे. शेतीसाठी बोअर नाहीत. ऊस आणि केळी नाहीत.

त्यातले गणित तुम्हाला सहज जमेल. एका हेक्टरवर 1 मिलिमीटर पाऊस पडला की 10,000 लिटर पाणी. हिवरे बाजारचे क्षेत्र सुमारे 976 हेक्टर. तेव्हा 100 मिलिमीटर पावसाचे झाले सुमारे 97 कोटी 60 लाख लिटर. त्यातले बरेच वाहून जाते, बरेच उडून जाते, थोडे मुरते. तुमच्या गावाचे क्षेत्रफळ दप्तरात मिळेल, पावसाची नोंदही मिळेल. आकडा फळ्यावर लिहा, शेजारी माणसे आणि जनावरे यांची गरज लिहा आणि मगच चिठ्ठ्या वाटा.