नकली कोळंबी, खरा अधिवास : बेलीझचा धडा

मध्य अमेरिकेतील बेलीझ या छोट्या देशाला कॅरिबियन समुद्राचा किनारा लाभला आहे. त्याच्या किनाऱ्यालगत व प्रवाळबेटांभोवती सागरी गवत आणि रेतीची विस्तीर्ण उथळ क्षेत्रे आहेत. भरतीबरोबर बोनफिश व परमिट हे मासे तेथे कोळंबी, खेकडे यांच्या शोधात येतात. त्यांना ‘फ्लाय फिशिंग’ पद्धतीने पकडण्यासाठी परदेशी पर्यटक येतात.

या पद्धतीत जिवंत आमिष वापरले जात नाही. गळावर पिसे, केस व दोरा बांधून लहान कोळंबीची वा खेकड्याची प्रतिकृती तयार करतात. ती इतकी हलकी असते की, तिला दूर नेण्याचे काम जाड दोरीचे वजन करते. डोळ्यांच्या जागी बसवलेल्या धातूच्या मण्यांमुळे ती तळाशी जाते, गळाचे टोक वर राहते आणि गवतात अडकत नाही. मासा हेरून देणारा स्थानिक वाटाडी हा या व्यवसायाचा कणा होय.

बाजारात मासा एकदाच विकला जातो. सोडून दिलेला मासा मात्र पुन्हा रोजगार देऊ शकतो. याच विचाराला अनुसरून २००९ मध्ये बेलीझने बोनफिश, परमिट व टार्पन हे मासे पकडल्यास सोडून देणे कायद्याने बंधनकारक केले. तथापि, एवढे पुरेसे नाही. पाण्याबाहेर फार वेळ धरलेला मासा थकतो आणि सोडल्यावर शार्क वा बॅराकुडाचे भक्ष्य ठरतो. शिवाय, खारफुटी व सागरी गवत नष्ट झाल्यास खरी कोळंबीच उरत नाही. मग नकली कोळंबीला मासा कोठून मिळणार?

२००९ मध्येच खारफुटीची तोड व बेसुमार बांधकामे यांमुळे बेलीझची प्रवाळभिंत युनेस्कोच्या ‘धोक्यातील जागतिक वारसा’ यादीत गेली. त्यानंतर २०१० च्या अखेरीस ट्रॉल जाळ्यांवर बंदी आली, २०१७ मध्ये सागरी तेलशोधास कायद्याने स्थगिती मिळाली आणि २०१८ मध्ये खारफुटी संरक्षणाचे नियम कडक झाले. त्याच वर्षी प्रवाळभिंत त्या यादीतून वगळण्यात आली.

भारतातही २०१९ च्या किनारी नियमन क्षेत्र अधिसूचनेनुसार खारफुटी, प्रवाळ व सागरी गवत यांचा समावेश सर्वाधिक संवेदनशील गटात होतो. प्रजातीचे संरक्षण अधिवासाच्या संरक्षणाशिवाय अपुरे राहते आणि किनाऱ्यावरील उपजीविकाही त्यावरच अवलंबून असते, हा बेलीझच्या अनुभवाचा मथितार्थ होय.