रोबो उभा का राहतो? आणि हात खाली का पडतो?

सांध्यासांध्यांत वळणारा प्लॅस्टिकचा रोबो तुम्ही दुकानात काचेमागे उभा असलेला पाहिला असेल. विकत घेऊन डबा उघडला, की आत रोबो नसतोच. असतात चार-सहा प्लॅस्टिकच्या चौकटी, आणि कैरीच्या झाडाला कैऱ्या लटकाव्यात तसे त्या चौकटींना लागलेले शे-दीडशे सुटे भाग. ते तोडायचे, घासायचे, जुळवायचे आणि रंगवायचे. हा खेळ आहे खरा, पण त्यात पदार्थविज्ञानाची निम्मी प्रयोगवही भरेल इतके प्रश्न दडलेले आहेत.

अशा प्रतिकृतींत सर्वांत प्रसिद्ध आहे ती जपानमधील गुंडाम या रोबोची. एप्रिल १९७९ मध्ये ही चित्रमालिका जपानी दूरचित्रवाणीवर सुरू झाली आणि जुलै १९८० मध्ये बांदाई कंपनीने तिची पहिली प्रतिकृती ३०० येनला विकायला काढली. कथेतला रोबो १८ मीटर उंच. प्रतिकृती १/१४४ प्रमाणात, म्हणजे साडेबारा सेंटिमीटर. ती पांढऱ्या प्लॅस्टिकची होती, गोंदाने चिकटवावी लागे, आणि रंग सगळा आपणच द्यायचा.

आता चौकटीकडे नीट पाहा. पॉलिस्टायरीनचे दाणे तापवून पातळ करतात आणि मोठ्या दाबाने पोलादी साच्यात घुसवतात. चौकट म्हणजे तो रस ज्या पाटांतून वाहत गेला ते पाट, थिजलेले. प्रत्येक भागाच्या तोंडाशी पाट मुद्दाम अरुंद केलेला असतो, म्हणजे तो तिथे सहज तुटावा. पण तो हाताने पिळून तोडू नका. तसे केले तर तुटल्या जागी पांढरा डाग उमटतो. तो रंग उडाल्याचा डाग नव्हे. ताणामुळे प्लॅस्टिकमध्ये असंख्य सूक्ष्म भेगा व पोकळ्या पडतात आणि त्या प्रकाश चहूकडे विखुरतात. स्वच्छ बर्फ पारदर्शक, पण त्याचा किस पांढरा, कारण तेच. म्हणून धारदार कटरने भागापासून थोडे दूर कापावे, उरलेला खुंट दुसऱ्यांदा कापावा, आणि मग ६०० व १००० नंबरचा पॉलिश पेपर फिरवावा. घाईने एकदाच कापणाऱ्याला पुढे रंगाखाली तो डाग झाकत बसावे लागते.

आता सांध्यांकडे येऊ. माझ्या मते सगळी गंमत इथेच आहे.

रोबोचा हात आडवा धरला तर तो तसाच का राहतो? खांद्याच्या खुंटीवर घर्षण आहे म्हणून. हाताचे वजन ५ ग्रॅम आणि त्याचा गुरुत्वमध्य खांद्यापासून ३ सेंटिमीटरवर आहे असे धरा. हात खाली फिरवू पाहणारे परिबल झाले १५ ग्रॅम-सेंटिमीटर. घर्षणाचे परिबल याहून जास्त असेल तर हात टिकेल, कमी असेल तर गळून पडेल. हातात बंदूक दिली की वजनही वाढते आणि गुरुत्वमध्यही दूर सरकतो, म्हणून खांदा एकदम हार मानतो. कोपरात हात दुमडून पाहा, तोच खांदा तेच वजन पेलतो!

आता याच रोबोची दुप्पट उंचीची प्रतिकृती त्याच प्लॅस्टिकची केली तर? वजन आठपट होईल, गुरुत्वमध्याचे अंतर दुप्पट. म्हणजे परिबल सोळापट. सांध्यातील दाब तेवढाच राहिला, तर घासणारे क्षेत्रफळ चौपट आणि खुंटीची त्रिज्या दुप्पट, म्हणून घर्षणाचे परिबल फक्त आठपट. सांधा निम्मा दुबळा झाला. मोठ्या प्रतिकृतींचे हात लवकर लोंबतात ते यामुळे. उपाय म्हणून त्यांच्या सांध्यांत स्क्रू किंवा दातेरी चाके बसवावी लागतात. लहान प्रतिकृतींत मऊ पॉलिथिलीनची टोपी पुरते. ती खुंटीला रबरासारखी आवळून धरते. या टोपीला मात्र रंग देऊ नका. पॉलिथिलीनला रंग धरतच नाही, पापुद्रा होऊन निघतो.

हाच हिशेब १४४ पटीपर्यंत न्या. वजन सुमारे ३० लाख पट, पायाच्या छेदाचे क्षेत्रफळ २०,७३६ पट, म्हणजे पायावरचा ताण १४४ पट. गॅलिलिओने १६३८ मध्ये हाडांच्या बाबतीत हेच दाखवले होते. योकोहामा येथे डिसेंबर २०२० ते मार्च २०२४ या काळात १८ मीटर उंचीचा, हातपाय हलवणारा गुंडाम खरोखर उभा होता. वजन सुमारे २५ टन. पण तो स्वतःच्या पायांवर तोललेला नव्हता; मागच्या आधाराने त्याला कमरेपाशी धरून ठेवले होते. टेबलावरच्या रोबोला ही चैन लागत नाही. त्याच्या गुरुत्वमध्यातून सोडलेला ओळंबा दोन्ही पावलांनी वेढलेल्या क्षेत्रात पडला की पुरे. पाठीवर ओझे असलेला रोबो मागे कोलमडत असेल तर त्याला कमरेत किंचित पुढे वाकवा. डोक्यावर मोळी घेतलेली बाई तोल सांभाळते, तशीच ही गोष्ट.

रंगकामात मोठा शत्रू म्हणजे जाडी. रंगाचा थर एक दशांश मिलिमीटर झाला, तरी १/१४४ च्या हिशेबाने तो खऱ्या रोबोवर १४ मिलिमीटरचा गिलावा ठरतो! बारीक खाचा त्याखाली बुजतात. म्हणून रंग पातळ करून दोन-तीन हात द्यावेत, आणि पहिला हात पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा देऊ नये. एकमेकांवर घासणाऱ्या जागा कोऱ्या ठेवाव्यात, नाहीतर सांधा अडकतो किंवा रंग खरवडून निघतो.

खाचांत काळी रेघ भरण्याची युक्ती फार सुंदर आहे. अगदी पातळ केलेल्या रंगात कुंचल्याचे टोक बुडवून ते खाचेच्या एका टोकाला नुसते टेकवा. केशाकर्षणाने रंग खाचेतून आपोआप धावत जातो, दिव्याच्या वातीत तेल चढते तसा. पृष्ठभाग खडबडीत असेल तर रंग बाहेरही पसरतो, म्हणून आधी तकतकीत वॉर्निश द्यावे. रेघा भरून झाल्यावर शेवटी मंद वॉर्निश द्या. त्याचा सूक्ष्म खडबडीत पृष्ठभाग प्रकाश विखुरतो, आणि प्लॅस्टिकचे खेळणे एकाएकी जड यंत्रासारखे दिसू लागते.

एक सावधगिरी. जिथे खुंटी घट्ट बसवलेली आहे, तिथले प्लॅस्टिक ताणाखाली असते. त्या जागी थिनर झिरपला तर काही मिनिटांत तडा जातो. त्यामुळे रेघा भरण्याचे काम भाग सुटे असतानाच करावे. थिनरची वाफ ज्वालाग्राही आणि छातीला वाईट. खिडक्या उघड्या ठेवा, जवळ शेगडी, उदबत्ती नको, आणि घरातल्या मोठ्या माणसाला सांगून बसा.

जाता जाता एक कोडे. कथेत या रोबोचे वजन पूर्ण सामग्रीसह ६० टन सांगितले आहे. त्याला १४४ च्या घनाने भागा. सुमारे २० ग्रॅम येतील. आता तुमची साडेबारा सेंटिमीटरची पोकळ प्रतिकृती शाळेच्या तराजूत घाला. ती २० ग्रॅमहून जड भरली, तर कथेतल्या रोबोची सरासरी घनता तुमच्या प्रतिकृतीपेक्षा कमी की जास्त? आणि तो समुद्रात पडला तर बुडेल की तरंगेल? आकारमान मोजायला पाण्याने काठोकाठ भरलेले भांडे घ्या; प्रतिकृती आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट गुंडाळायला विसरू नका.