सहा कार्डांचं गणित

मागच्या सेमिस्टरला लोकलच्या गर्दीत माझं पाकीट गेलं. पैसे जेमतेम दीडशे होते, पण एटीएम कार्ड, लायसन्स, आय-कार्ड, पास सगळं त्यातच! सबमिशनच्या आठवड्यात आय-कार्ड नसणं म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको.

नवं पाकीट घेताना मग जरा डोकं लावलं. बँकेचं कार्ड ८५.६० × ५३.९८ मि.मी. आणि ०.७६ मि.मी. जाड असतं, आयएसओ ७८१० हे त्याचं मानक. सहा कार्डं म्हणजे ४.५६ मि.मी. फक्त! पण उठावाचे आकडे असलेली कार्डं जास्त जागा खातात. त्यातलं एकाआड एक उलट्या टोकाने ठेवा, म्हणजे चळत एकाच बाजूने फुगत नाही. इलॅस्टिकच्या पाकिटात दहा कार्डं कोंबलीत तर ते सैल पडतं, आणि पुढे तीनच ठेवली की घसरतात. रोजचं कार्ड सगळ्यात बाहेर.

प्रवासात पाकीट पुढच्या खिशात, आडवं. त्याला एक जाड रबरबँड गुंडाळा. घर्षण वाढतं, कोणी ओढलं तर लगेच कळतं. (मेकॅनिक्स कधीतरी उपयोगी पडलं!) एक कार्ड आणि शंभराच्या दोन नोटा सॅकमध्ये वेगळ्या ठेवा. डिजिलॉकरमधलं आधार किंवा लायसन्स रेल्वे २०१८ पासून ओळखपत्र म्हणून मानते, त्यामुळे मूळ लायसन्स बरोबर हवंच असं नाही. आणि हो, १ जानेवारी २०२१ पासून कार्ड नुसतं टेकवून, पिनशिवाय, ५००० रुपयांपर्यंत पैसे देता येतात. निघण्यापूर्वी बँकेच्या ॲपमधून ती सोय बंद करा.