कोकमआजीचे फास

कॅनडात सस्कॅचेवानच्या उत्तरेला, ला राँजजवळच्या जंगलात मी दोन हिवाळे काढले. सशाचे फास लावायला शिकवलं ते शेजारच्या क्री आजीनं. तिकडे आजीला ‘कोकम’ म्हणतात. रत्नागिरीच्या माणसाला हे ऐकून आमसुलंच आठवणार.

१. आधी वाट शोधा, तार नंतर. हिवाळ्यात पांढरा होणारा हा ससा, क्री भाषेतला वापोस, रोज त्याच वाटेनं जातो. बर्फ दबून तिथं घळच पडते. वाळुंजाच्या डहाळ्या सुरीनं तिरक्या छाटल्यासारख्या दिसल्या, की तो तिथं चरून गेलाय. पहिले चार दिवस मी फास लावले ते मला वाकायला सोपं पडेल तिथं. चारही दिवस रिकाम्या हातानं परतलो.

२. तार बारीक, पितळेची. एका टोकाला पिळून डोळा करायचा, त्यातून दुसरं टोक ओवलं की सरफास झाला. तोंड मुठीएवढं, बर्फापासून चार बोटं वर. दोन्ही बाजूंना काटक्या रोवायच्या, पण बेतानं. मी हौसेनं कुंपणच घातलं, तर सशानं शेजारून नवी वाट पाडली.

३. वाकवलेल्या फांदीचा फास चित्रात झकास दिसतो. ससा अडकला की फांदी सुटते, त्याला वर उचलते. मरण लवकर येतं आणि कोल्ह्यालाही तो सापडत नाही. पण उणे तीसला ओली फांदी वाकल्या जागीच गोठते. माझी मी खटका काढला तरी ढिम्म हलली नाही. कोकम पोट धरून हसली. तिची तार आडव्या दांडक्यालाच बांधलेली असे.

४. फेरी रोज. एकदा थंडीचा कंटाळा करून मी ती चुकवली. दुसऱ्या दिवशी ससा पायानं अडकलेला, जिवंत. कोकम दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

५. सोलताना हातमोजे हवेतच, कारण सशांपासून माणसाला ट्युलरेमिया होतो.

६. नुसत्या सशावर माणूस तगत नाही. मांसात चरबी नावालाच. पोटभर खाऊनही हगवण लागते, अंगातलं त्राण जातं. कोकमच्या रश्शात म्हणूनच डुकराच्या चरबीचा गोळा असायचा. शिवाय साधारण दहा वर्षांच्या फेऱ्यात ससे वाढतात आणि एकदम घटतात, त्यांच्यामागोमाग लिंक्स नावाची रानमांजरंही. पडत्या वर्षी जंगलात अडकलात, तर तार असून काय उपयोग?

७. आपल्याकडे हे करू नका. १९७२च्या वन्यजीव कायद्यानं शिकार गुन्हा आहे. ज्यांच्या नावातच फास आहे, त्या फासेपारध्यांचीही ही विद्या त्यात गेली.

८. लावलेले मोजा, काढलेले मोजा. हिवाळा सरताना मी बारा लावले होते, हाती लागले अकरा. कोकमनं काही न बोलता माझ्या हातात बॅटरी दिली. बारावा मिळाला तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजले होते.