आधी पाणी ओत, मग नाव विचार

अगं, लेकीला मातीचे प्रकार पाठ होत नाहीत म्हणून एवढी काय वैतागतेस? काळी म्हणजे कापूस, जांभी म्हणजे आंबा, गाळाची म्हणजे भात, अशा जोड्या लावून गुण मिळतील. पण उद्या ती पोर बांधावर उभी राहिली, तर पायाखाली काय आहे ते तिला सांगता यायचं नाही. माझं ऐकशील तर वही मिटून ठेव आणि तिला एकच प्रश्न विचारायला शिकव: ही माती पाण्याशी कशी वागते? तिथं काय पिकेल, त्या मातीचं घर होईल की मूर्ती, हे सगळं त्या प्रश्नामागून आपसूक येतं.

सामान घरातलंच. प्लास्टिकच्या तीन बाटल्या मधोमध काप, वरचा भाग उलटा करून खालच्या भागात बसव आणि तोंडाला जुन्या ओढणीचा तुकडा बांध. एकीत काळी माती, दुसरीत तांबडी, तिसरीत बांधकामावरची वाळू. मातीचं माप तिघींत सारखं, वाटीनं मोजून. पाणीही तेवढंच. मग नुसतं बघायचं. वाळूतून पाणी भसकन खाली येईल, काळीवर तुंबून राहील. तुझी खोड मला ठाऊक आहे, लेक तोंड उघडायच्या आत तू उत्तर सांगून मोकळी होशील. तसं करू नकोस. तिला चुकीचा अंदाज करू दे, मग बाटलीच तिला खरं काय ते दाखवेल.

ती ओली काळी माती ताटलीत पसरून गॅलरीत उन्हात ठेव. वाळताना ती आक्रसते आणि तडकते. त्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते, सुकली की अंग चोरते. उन्हाळ्यात आपल्या सोलापूरकडच्या रानात पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात, त्या ह्याच स्वभावानं. आता तिला मंगळवेढ्याची गोष्ट सांग. तिथली मालदांडी ज्वारी पावसाळा सरल्यावर पेरतात आणि ती खोल काळ्या रानात मुरलेल्या ओलीवर, वरून पाणी न देता हिवाळाभर वाढते. म्हणजे जमीनच पाण्याची टाकी झाली की! पण हाच गुण घर बांधताना उलटतो. खालची माती फुगत-आक्रसत राहिली तर भिंतींना तडे जातात, म्हणून काळ्या रानात बांधायचं असेल तर मुरूम लागेपर्यंत पाया खणतात. एका मातीचं गुणगान आणि तक्रार दोन्ही एकाच कारणातून निघतात, हे मुलांना फार आवडतं. पुस्तकात ‘उपयोग’ नावाचा वेगळा रकाना करतात ना, मला तो मुळीच पटत नाही.

कोकणातल्या जांभ्याचं सांगताना एक गंमत विसरू नकोस. आपली काळी आणि रत्नागिरीकडची तांबडी, दोघींचं माहेर बरंचसं एकच: सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेल्या लाव्हाचा काळा खडक. फरक केला तो पावसानं. कोकणात वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर कोसळतो, सोलापूरकडं सहाशे-सातशेच्या आसपास. एवढ्या पाण्यानं खडकातलं बरंच काही धुऊन नेलं आणि लोह मागं राहिलं. त्या लोहाला गंज चढला, म्हणून तो रंग. ह्या जमिनीत पाणी थांबत नाही. आंबा-काजूच्या मुळांशी पाणी साचलेलं चालत नाही, त्यांना हे बरं पडतं. चिरेखाणीतून काढलेला ओला जांभा मऊ असतो, सहज कापता येतो, आणि हवा लागली की टणक होतो. तिथल्या भिंती त्या चिऱ्यांच्या, हे पुढच्या सहलीत तिला हात लावून बघू दे.

आपल्या जुन्या धाब्याच्या घराचं छप्पर आठवतं? लाकडावर पांढऱ्या मातीचा जाड थर असायचा. पावसाआधी चोपून नीट केला की पाणी आत येत नसे. ह्यावर क्रमिक पुस्तकात ओळ सापडणं कठीण. आईला फोन लावून दे आणि नातीला विचारू दे, आई तासभर बोलेल.

हाताची परीक्षा राहिलीच. ओल्या मातीची करंगळीएवढी वळी करायला सांग. वाळूची होतच नाही. पोयट्याची होते, पण वाकवली की चिरते. चिकट मातीची गोल बांगडी वळते. शाडूला कान, सोंड, बोटं काढता येतात ती ह्याच चिकटपणामुळं, आणि पाण्यात तो परत विरघळतो. गणपतीच्या आधी थोडा शाडू आण. त्या निमित्तानं मूर्तीही घरीच होईल, वाकडी झाली तरी चालेल. आणि कुणी मुलगा म्हणाला की माती म्हणजे मुलींचा खेळ, तर त्याला कोल्हापूरच्या तालमीतला आखाडा दाखव. त्या लाल मातीत ताक, तेल, हळद, लिंबू कालवतात आणि ती ओलसर, भुसभुशीत राखतात, कारण वरून पैलवान आपटायचा असतो.

माती कुठून आणायची ते मात्र बघून घे. रस्त्याकडेची, उकिरड्याजवळची नको, त्यात काचा नि काय काय असतं. गावाकडून येणाऱ्याला शेतातली पिशवीभर आणायला सांग आणि पिशवीवर गावाचं नाव लेकीच्याच अक्षरात घाल. तिच्या हाताला जखम असेल तर तो दिवस सोड. नंतर नखांसकट साबणानं हात धुवून घे.

आणि हो, उरलेला चिखल बेसिनमध्ये ओतू नकोस, काळी माती पाइपात बसली की प्लंबरच बोलवावा लागेल. कुंडीत टाक, पण नुसती काळी नको. थोडं शेणखत आणि वाळू मिसळ, नाहीतर कुंडीत तिचा दगड होईल आणि तुळस मला दोष देईल.